शालूकाकूंची भट्टी

"बाळासो, मला हाटेलात असती तसली भट्टी दाखव," शालूकाकू दुकानात शिरता शिरता म्हणाल्या, आणि मी खो खो हसलो. तासगावात स्टँडच्या मागं माझं गॅस शेगड्यांचं दुकान. भट्टी नेतात ते आचारी, नाहीतर मंगल कार्यालयवाले. सत्तरीची एकटी बाई भट्टी नेऊन करणार काय?

"काकू, दोन बर्नरची साधी शेगडी न्या. भट्टीचा जाळ लय दांडगा असतो. तिला हाटेलवाल्यांची निळी टाकी लागती, ओट्यावर ती बसत न्हाई. पुरणपोळी टाकली तर वरनं कोळसा आन् आत कच्ची."

"पोळ्या चुलीवर करीन की. कटाची आमटी हुईल न्हवं? पंचवीस माणसांची?"

"आवं, पंचवीस कोण?"

"आमचीच की. बेंदराला, बैलांच्या सणाला, दोन्ही पोरं बायकापोरं, गडीमाणसं घेऊन जेवायला येणार हायत."

बेदाण्याच्या शेडवरची माणसं आणि घरातली, सगळ्यांचं जेवण या बाईनं उभा जन्म एकाच आचेवर रांधलं. यंदाच्या उन्हाळ्यात द्राक्षबागेच्या पाण्याच्या पाळीवरून काकूंची पोरं शंभूराज आणि अमृत, दोघे सख्खे भाऊ, एकमेकांच्या अंगावर धावून गेले. चुली वेगळ्या झाल्या. आईनं कुणाकडं राहायचं याचीही बोलणी झाली, तेव्हा काकू म्हणाल्या, "मी मधल्या सोप्यातच ऱ्हाईन. दोघंबी हितंच येऊन जेवतील." साधी शेगडी घेतली असती तर पोरं येणार नाहीत हे मान्य केल्यासारखं झालं असतं. म्हणून भट्टी. एवढं मला कळलं, आणि कळूनही मी त्यांच्याशी भांडलो. शेवटी मीच जाऊन भट्टी जोडून दिली.

बेंदरादिवशी सकाळी निरोप आला, जाळ भडकतोय, बघून जा. गेलो. रेग्युलेटर जरा कमी केला. पातेल्यात आमटी रटरटत होती, पाटीभर पोळ्या झाकून ठेवलेल्या, सोप्यात दोन पंगतींच्या पट्ट्या अंथरलेल्या. काकूंनी नवं लुगडं नेसलं होतं. मलाही म्हणाल्या, "जेवल्याबिगर जायचं न्हाई हां."

शंभूराज आला. एकटाच. पायातल्या चपला न काढता दारात उभा राहिला आणि हातातला डबा पुढं केला. "आई, डबा भर. हिनं तिकडं ताटं घेतल्यात."

"अरं, बस की घटकाभर."

"तो येणार आसंल."

काकूंनी डबा भरला. अमृत कुंपणापाशी थांबलेला मला दिसत होता. भाऊ गेल्यावर तो आला, तोही एकटाच, त्याच्याही हातात डबा.

माझं डोकंच फिरलं. "लाज वाटती का रं? आईच्या दारात डबा घेऊन येताय? ही काय खानावळ हाय व्हय?" अमृतनं मान खाली घातली, पण आत पाय काही टाकला नाही. काकू मलाच म्हणाल्या, "ओरडू नगंस. सणाचा दिस हाय." आणि त्याच्या डब्यात तूप जास्त घातलं.

तो गेल्यावर काकूंनी भट्टी बंद केली. त्या एवढ्या मोठ्या सोप्यात मी एकटा जेवलो. त्या समोर बसून वाढत होत्या, मग कसा उठणार?

आठवड्यानं भट्टी टेम्पोत घालून काकू दुकानात आल्या. "ही घे परत. एका बर्नरची दे."

मी हसलो नाही. छोटी शेगडी काढली, पेटवून दाखवली. काकूंनी बटन फिरवून तो बारका निळा जाळ आणखी बारीक करून बघितला.

"बाळासो, तुझ्या बायकुला इचारून सांगशील का?"

"काय काकू?"

"एका माणसाला भात किती टाकायचा? मला एकटीपुरता कवा करायलाच लागला न्हाई रं."