मेरापीचा राग

मेरापी हा ज्वालामुखी डोंगर फुटला आणि जावा बेटावरच्या एका गावावर राखेचा जाड थर बसला. वाचलेली माणसं शाळेत आसऱ्याला आली. खापर फोडायला कुणीतरी हवं होतं, ते सुकेसीवर फुटलं. नवऱ्याला सोडून आलेल्या या बाईमुळेच डोंगर कोपला, असं लोक उघड बोलू लागले. तिच्या चटईजवळ कुणी बसेना.

दरवर्षी डोंगराला नैवेद्य दाखवणारी नगातिरा आजी भाताचं ताट घेऊन उठली आणि थेट सुकेसीशेजारी जाऊन बसली.

“आजी, डोंगर पुन्हा कोपेल हं!” गावप्रमुख कार्सो ओरडला.

“अरे, त्याच्या पोटात आग होती, ती त्यानं ओकली. बायकांच्या चौकशा करायला त्याला वेळ कुठला? रागावलोय ते आपण, भीतीनं.”

“मग नैवेद्य कशाला दाखवतेस?”

“त्याची मर्जी राखायला नाही रे. आपण कुणाच्या अंगाखांद्यावर राहतो, याची आपल्याला जाण राहावी म्हणून.”

जरा वेळानं कार्सोची बायकोच आपलं ताट घेऊन आली.

“सुकेसी, सरक गं थोडी,” ती म्हणाली.

पुढे गाव परतलं, तेव्हा सुकेसीच्या छपरावरची राख झाडायला कार्सो स्वतः शिडी घेऊन आला.