चिमणीच्या बापाची दाढी

आमच्या कॅसेटवाल्यासारखा थापाड्या मी दुसरा पाहिला नाही, आणि हे मी कौतुकानं सांगतोय. थापा मारणारे पुष्कळ असतात. पण आपल्याच थापेवर आपणच डोळे पुसणारा हा एकटाच.

त्याचं दुकान माझ्या दुकानाला लागून. माझा धंदा लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा, त्याचा व्हिडिओ कॅसेटी भाड्यानं देण्याचा. मधली भिंत अशी की तो तिकडं शिंकला की माझा इकडचा दिवा हलायचा. त्याचा मेव्हणा बोटीवर कामाला होता. एका खेपेला त्यानं जपानहून खोकंभर कॅसेटी आणल्या, सगळ्या एकाच कार्टून मालिकेच्या. शेवटचा भाग तेवढा नव्हता, दुकानात संपला होता म्हणे. पडद्यावर काय बोलतात ते कुणाच्या बापाला कळेना. मेव्हण्याला विचारलं तर तो म्हणाला, "दाजी, मी इंजिनात तेल घालतो. मला काय विचारता?"

पण कॅसेटवाल्याची मुलगी टीव्हीपुढं फतकल मारून बसली ती उठेचना. तेव्हा ती शाळेत होती. पडद्यावर लाल केसांची एक पोर आणि एक म्हातारा बर्फातून चाललेले.

"बाबा, हा तिचा कोण?"

"बाप. दुसरा कोण असणार?"

झालं! एका शब्दावर पुढची सगळी इमारत उठली. पोरीचं नाव त्यानं चिमणी ठेवलं. म्हाताऱ्याला नावच नाही, नुसता चिमणीचा बाप. वादळात दोघांचं घर गेलं, आता ते घर शोधत निघालेत. म्हातारा ओरडला की कॅसेटवाला सांगायचा, "थंडीनं गुडघे दुखतायत बिचाऱ्याचे." पोर रडली की, "आई आठवली." आणि मग स्वतःच नाक ओढायचा. वहिनी मागून म्हणायच्या, "घरात विचारलं तर हूं का चूं नाही, आणि इथं बघा, नळ फुटलाय नळ!"

एक प्रसंग मात्र पुन्हा पुन्हा यायचा. म्हातारा झोपला की चिमणी कमरेची सुरी काढायची आणि त्याच्या गळ्याशी धरायची. मग सुरी परत कमरेला. पहिल्यांदा हे आलं तेव्हा गडी जरा अडखळला. मग म्हणाला, "बापाची दाढी वाढलीय. पोरीला करायचीय, पण झोपमोड होईल म्हणून राहू देतेय." बघायला जमलेली गल्लीतली पोरं अशी हसली की माझ्या दुकानातला ग्राहक भिंतीला कान लावून उभा राहिला.

पोरं वाढली, दुकानात मावेनात. म्हणून कामगार संघाचं सभागृह एका रविवारासाठी मागून घेतलं. माझे दोन स्पीकर, माझा एक माइक. आमचा मेळावा सुरू झाला तो असा! पुढच्या वर्षी आसपासच्या गावांतून पोरं बसनं आली. कुणी चादरीचा झगा केलेला, कुणी पुठ्ठ्याची सुरी, आणि मुलींच्या डोक्यावर लाल लोकरीचे केस. त्या वर्षी गल्लीतल्या निम्म्या बायकांचे अर्धे विणलेले स्वेटर गायब झाले आणि त्या भांडायला वहिनींकडं आल्या. वहिनींनी दार उघडलं, तर त्यांच्याच हातात बाहीपुरता उरलेला स्वेटर! सगळ्याजणी तिथंच हसत बसल्या.

मग पोरांची पोक्त माणसं झाली. पहिल्या रांगेत बसणारी एक मुलगी दातांची डॉक्टर झाली आणि मेळाव्याचा कारभार तिनं हाती घेतला. तीन खोल्या, नव्या नव्या मालिका, चित्रांच्या स्पर्धा. "काका, कार्टून नाही म्हणायचं. ॲनिमे," ती मला दटावायची. मी म्हणायचो, "बाई, दात तुझ्याकडं आहेत, तू म्हणशील ते." पण दिवस संपताना सगळे मोठ्या सभागृहात जमायचे, कारण तिथं कॅसेटकाकांची गोष्ट असायची. ही मालिका दुसऱ्या कुणी पाहिलेली नव्हती, कुठं मिळत नव्हती. सुरी निघाली की अख्खं सभागृह एका सुरात ओरडायचं, "राहू दे गं, झोपू दे त्याला!"

कॅसेटवाल्याची मुलगी लग्न होऊन परदेशी गेली. तेव्हापासून त्याला एकच ध्यास लागला. मला म्हणायचा, "माझी पोर तिच्या घरी लागली. आता ही चिमणी आणि तिचा बाप घरी पोचू देत. माझ्या तोंडानं एकदा त्यांना घरात घातलं की माइक तुझा तुला."

आणि मुलीनंच तो शेवटचा भाग शोधून काढला! कुणा छांदिष्टाकडून मिळवलेली डीव्हीडीची तबकडी तिनं मेळाव्याच्या तोंडावर पाठवली. फोनवर म्हणाली, "बाबा, मी बघितलेली नाही हं. शेवट तुमच्याच तोंडून ऐकणार."

"मग मीही नाही बघत. सगळ्यांबरोबर बघेन," हा म्हणाला. वहिनींनी इस्त्रीचा सदरा काढून दिला.

सभागृह खच्चून भरलं होतं. तो नेहमीसारखा पडद्याला खांदा लावून, लोकांकडं तोंड करून उभा राहिला. चित्र सुरू झालं, आणि चित्राखाली इंग्रजी अक्षरं आली. कॅसेटींवर ती कधीच नव्हती. ह्याला कडेनं चित्रं तेवढी दिसत होती, अक्षरं नाहीत, आणि दिसली असती तरी काय, त्याचं इंग्रजी दुकानाच्या पाटीपुरतं. माझंही तेवढंच. समोरचे मात्र सगळे वाचत होते.

"आलं हो घर!" तो रंगात येऊन म्हणाला. "तो बघा, बापानं डोंगरावरून हात केला."

कुणी टाळी वाजवली नाही. पहिल्या रांगेत कुजबुज झाली. चिमणी बोलत होती, म्हातारा खाली मान घालून ऐकत होता.

"पोर म्हणते, बाबा, आता निवांत झोपा."

म्हातारा गुडघ्यांवर बसला. चिमणीनं सुरी काढली.

"आता करणार बापाची दाढी!" कॅसेटवाला म्हणाला आणि थांबला, सभागृह ओरडेल म्हणून.

दातांची डॉक्टर उठून हलकेच म्हणाली, "काका, थांबा. तो तिचा बाप नाहीये. त्यानंच तिचं गाव जाळलंय."

त्यानं वळून पाहिलं. सुरी या वेळी परत कमरेला गेली नाही.

चित्र संपेपर्यंत तो माइक धरून तसाच उभा होता. त्याचा श्वास माझ्या दोन्ही स्पीकरांतून ऐकू येत होता. माझा हात आपोआप बटणाकडं गेला आणि मी आवाज खाली केला.

नंतर पोरं त्याच्याभोवती जमली. चांगली पोरं ती. "काका, खरी गोष्ट काय घेऊन बसलात? आम्हाला तुमचीच आवडते." तो मान हलवत होता. डॉक्टर म्हणाली, "पुढच्या वर्षी दोन्ही दाखवू." तो तिलाही हो म्हणाला.

संध्याकाळी त्याच्या घरी फोन वाजला. मी समोरच बसलो होतो.

"बाबा, पोचले का हो ते दोघं घरी?"

"तबकडी अडकली गं मध्येच."

"अडकू दे की! तुम्हाला कधीपासून चित्र लागायला लागलं? सांगा ना नेहमीसारखं. मी खाली फतकल मारून बसलेय."

त्यानं तोंड उघडलं. एवढा पट्टीचा थापाड्या! वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मीही मनात म्हटलं, मार की लेका एक थाप, कोण बघतंय.

"ती सुरी..." तो म्हणाला. मग फोन माझ्या हातात दिला आणि आत गेला.

पुढच्या वर्षी तो आला नाही. डॉक्टरनं कॅसेटी लावल्या. सुरी निघाली तेव्हा कुणी ओरडलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पहिल्या दोन रांगाही भरल्या नाहीत. पोरं म्हणाली, घरीच फोनवर सगळं दिसतं. मग संघानं सभागृह फरशीवाल्याला गोदामासाठी देऊन टाकलं.

मुलीचा फोन अजून येतो. वहिनी बोलतात, मी बोलतो, तिला चार गमती सांगतो, ती खळखळून हसते. मग विचारते, "बाबा कुठंयत?" तो समोरच्या खुर्चीत बसलेला असतो आणि मला हातानं खूण करतो, बाहेर गेलाय म्हणून सांग.