शेंदूर लावलेला दगड

अपघात झाला की आपल्याकडं पहिलं काम काय, तर झाडलोट. माणूस दवाखान्यात पोचायच्या आत रस्त्यावर पाणी पडतं, काचा गोळा होतात, गाडी ढकलून कडेला जाते. रक्त कुणाच्या पायाखाली येऊ नये, पोराबाळांना काच लागू नये, हेतू चांगलाच असतो. पण मी पडलो सरकारी प्रयोगशाळेतला अपघात तपासणारा माणूस. टायर कुठं घासला, काच कुठं पडली, गाडी कुठं थांबली, याच्यावर माझं सगळं काम. बेळगावातनं जीप घेऊन मी पोचेपर्यंत रस्ता लख्ख झालेला असतो. वर लोक मलाच कौतुकानं सांगतात, ‘सगळं साफ करून ठेवलंय बघा सायेब, तुमाला तरास नको.’ काय बोलायचं यांना? डोकं आपटून घ्यावं म्हटलं तर भिंतही जवळ नसते.

निपाणीजवळच्या त्या केसनं तर माझा पार अंत बघितला. हायवे सोडून तंबाखूच्या शेतांमधून एक रस्ता गावाकडं जातो. दिवे लागायच्या वेळेला तिथं एक मोटारसायकलवाला पडला आणि जागीच गेला. तरणाताठा माणूस. मागून विटांचा टेम्पो येत होता. साक्षीदार सगळे एका सुरात सांगत होते, टेम्पो हॉर्न बडवत जोरात आला आणि पोराला उडवलं. टेम्पोवाल्यावर गुन्हा, लायसन जप्त, जामिनावर बाहेर. तो बिचारा एकच वाक्य धरून बसलेला, ‘मी धडक दिलेली न्हाय.’ दिली की नाही, एवढंच मला सांगायचं होतं. दिली असली तर तो तुरुंगात जाणार, नसली तर सुटणार.

पोलीस ठाण्यात गेलो तर मोटारसायकलचा टेललाइट फुटलेला. मागून धडक बसली तर टेललाइट फुटतोच. मी हवालदाराला विचारलं, हे अपघातात फुटलं काय?

‘आसंल की सर,’ तो म्हणाला. ‘पण हितं आणून गाडी ट्रॅक्टरातनं खाली टाकताना पण काय तरी फुटल्याचा आवाज आलता.’

आलता म्हणे आवाज. पुरावा आहे की उसाची मोळी, वरनं फेकायला?

टेम्पोची तऱ्हा त्याहून वरची. मालकानं ठाण्याच्या आवारात येऊन गाडी धुतली होती, लिंबू उतरून टाकलं होतं आणि बंपरला हळदकुंकू लावून झेंडूचा हार घातला होता. पोलिसांनी अडवलं नाही का म्हणून विचारलं, तर देवाच्या कामात कसं अडवायचं, असं उत्तर. बंपरवर मोटारसायकलचा रंग घासलाय का बघायचं तर आधी हार बाजूला करा, मग कुंकू पुसा. रंग मिळाला नाही, पण धुतलेल्या बंपरवर नाही मिळाला याचा अर्थ काय काढायचा? ब्रेक ठीक होते, टायर बरे होते. स्टेपनी मात्र पार बसलेली. एवढ्या विटा भरून फिरतात आणि जादा चाकात हवा नाही, काय म्हणावं या लोकांना, असं पुटपुटत मी तेही टिपून घेतलं.

पण मोटारसायकलची पुढची रिम बघितली आणि जरा थांबलो. ती खोल चेपलेली होती, आणि त्या खळग्यात दगडाची करडी भुकटी. मागून ठोकलेल्या गाडीचं पुढचं चाक असं होत नाही. माणसाच्या पुढं काहीतरी होतं. मी टेम्पोवाल्याला बोलावून घेतलं.

‘रस्त्यात दगड होता काय रं?’

‘न्हाय सर.’

‘नीट आठव. तुझ्याच फायद्याचं विचारतोय.’

‘मला काय दिसलं न्हाय,’ तो खाली बघत म्हणाला.

माझं डोकं फिरलं. हा सुटावा म्हणून मी उन्हातान्हात रिमा तपासत बसलोय आणि ह्याच्या तोंडातनं दगड हा शब्द निघेना. दुसरा कुणी असता तर दगड नसतानाही होता म्हणून सांगितलं असतं.

दगडाचं मला नवल नव्हतंच. आमच्या भागात गाडी बंद पडली की चाकाला दगड लावायचे, मागं चार धोंडे मांडायचे, झाडाची एक फांदी ठेवायची. मागच्याला कळावं म्हणून. इथपर्यंत शहाणपणच आहे. पण गाडी चालू झाली की साहेब बसतात आणि निघून जातात, धोंडे तिथंच. मी पोलिसांच्या प्रशिक्षणात, कॉलेजात, लग्नाच्या पंगतीत सुद्धा याच्यावर बोललोय. लोक माना डोलावतात, जेवतात आणि जाताना वाटेत धोंडे ठेवून जातात.

मग त्या रस्त्यावर गेलो. रस्ता धुतलेला होताच, ते सांगायला नको. धोंडा कुठं दिसेना. कडेला एक घर, घरापुढं कडुनिंब, आणि झाडाच्या बुंध्याला टेकवलेला एक दगड. शेंदूर लावलेला, पुढं फोडलेला नारळ. दारात एक आक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली.

‘आक्का, हा देव जुना आहे का?’

‘न्हाय वं. त्यो पोरगा गेला न्हवं, तवापास्नं. आनि कुणाचा जीव जाऊ नये म्हणून बसवलाव.’

‘दगड आणला कुठनं?’

‘हितलाच की, रस्त्यातला. ह्यालाच तर धडकला त्यो. ह्यानं एक घेतला, म्हणून ह्यालाच शांत कराय पायजे.’

मी त्या उन्हात खालीच बसलो. ‘पोलिसांना का सांगितलं नाही हे?’

‘त्यांनी इचारलं, टेम्पो बघितला काय. बघितलाव, म्हटलं. हॉर्न ऐकला काय. ऐकलाव. दगडाचं कुणी इचारलंच न्हाय.’

दगड रस्त्यात कुणी ठेवला, ते तिला माहीत नव्हतं. दुपारी ती तयार विड्या द्यायला निपाणीला गेलती, परत आली तेव्हा धोंडे कडेला होते.

मला दगड उलटून बघायचा होता. ती उठून आडवी आली. देवाला हात लावायचा नाही. शेवटी मी बूट काढले, हातपाय धुतले, नारळासाठी माणूस पाठवला, तेव्हा कुठं तिनं स्वतःच तो वळवला. झाडाकडच्या बाजूचा टवका उडालेला होता. फुटकं तोंड देवाला बरं दिसत नाही म्हणून ती बाजू तिनं मागं लपवली होती, आणि त्यामुळंच तिथं शेंदूर लागला नव्हता. टवक्यात काळा रंग आणि रिमचा चंदेरी ओरखडा स्पष्ट दिसत होता. मी तिथनं खरवडून नमुना घेतला. दगड तिनं नेऊ दिला नाही, मीही मागितला नाही.

प्रयोगशाळेत तो रंग मोटारसायकलच्या रंगाशी जुळला. टेललाइटही वरून दाबून फुटलेला निघाला, मागून नाही. म्हणजे ट्रॅक्टरवाल्यांचीच कृपा. अहवाल पुरा करायच्या आधी काही फोटो राहिले होते म्हणून पुन्हा ठाण्यात गेलो, तर टेम्पोवाला हजेरी द्यायला आलेला. त्याला सांगायची खरं म्हणजे पद्धत नाही. पण इतके दिवस सगळ्यांवर चरफडून झाल्यावर एकाला तरी बरं काही सांगावं, असं मला वाटलं.

‘तुझी गाडी त्याला शिवली पण नाही,’ मी म्हटलं. ‘दगडाला धडकून पडला तो. आता घरी जाऊन नीट जेव.’

तो रडेल, पाया पडेल, असं वाटलं होतं. त्यानं उलट मलाच विचारलं.

‘दगड कुणी ठेवला, ते पण कळतंय काय सर तुमच्या मशिनीत?’

मला ती बसलेली स्टेपनी आठवली.

‘पयल्या खेपेला पंक्चर झालतं,’ तो म्हणाला. ‘धोंडे लावून चाक बदललो.’

‘मग उचलायला काय हात मोडले होते?’

‘दुसरी खेप त्याच बाजूनं यायची हुती. तवा काढू म्हटलं.’

मी तोंड उघडलं होतं. पंगतीत, प्रशिक्षणात जे बोलत आलो ते सगळं जिभेवर होतं. पण त्याचं संपलं नव्हतं.

‘दुसऱ्या खेपेला त्यो माझ्या म्होरं हुता सर. अंधार पडत आलता. दगडं कडंला हायत, हे मला ठाऊक, त्याला न्हाय. मला भ्या वाटलं, म्हणून हॉर्न मारत सुटलो. त्यो बरा मधनं चालला हुता. तसाच गेला असता तर काय झालं नसतं.’ त्यानं गळ्यातला टॉवेल तोंडावर धरला आणि पुन्हा खाली घेतला. ‘त्याला वाटलं मला म्होरं जायचं हाय. त्यानं हात केला, आन् कडंला सरून मला साइड दिली.’