मायला दाखवलेले फोटो

मायला काचबिंदू आहे हे आम्हाला उशिरा कळलं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकली तर टिकेल, एवढंच डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून रविवारी मी तिला मोटारसायकलवर बसवून हिंगोलीबाहेर नेऊ लागलो. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत बांधावर, उकिरड्यावर, कुजक्या ओंडक्यांवर भूछत्रं उगवतात आणि मला त्यांचे फोटो काढायचा नाद. मायच्या भाषेत, "एवढं शिकून कुत्र्याच्या छत्र्यांचे फोटू काढून राहिला."

खरं तर फोटो आता निमित्ताला होते. फोटो काढला की मी मोबाइल तिच्यापुढं धरायचो आणि विचारायचो, "माय, काय दिसून राहिलं?" मी पडद्याकडं नाही, तिच्या तोंडाकडं पाहत असायचो. नरसीच्या वाटेवर वारुळापाशी थांबलो, तेव्हा ती म्हणाली, "पांढरीफेक छत्री हाय." पुसेगावजवळ ओळखीच्या मळ्यात म्हणाली, "झेंडू. किती टपोरा रे!"

दर वेळी बरोबर. मी हरखून जायचो. तिथूनच बायकोला फोन लावायचो, थेंब लागू पडले म्हणून. घरात माय सवयीनं वावरायची. बाहेर माझा खांदा धरायची, गुडघे दुखतात म्हणायची. मला ते पटायचं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मी तर काडी धरून पोहायलाच लागलो होतो.

यंदा दसऱ्याच्या आधीच्या रविवारी पुन्हा त्याच मळ्यात गेलो. शेवंती नुकती फुलायला लागली होती. मायला बांधावर बसवलं, तिनं भाकरीचं फडकं सोडलं. मी एका फुलाचा अगदी जवळून फोटो काढला आणि नेहमीसारखा मोबाइल तिच्यापुढं धरला.

"शेवंती," ती म्हणाली. "पिवळीजरद. पाकळी न् पाकळी दिसून राहिली."

फूल पांढरं होतं. मी मोबाइलकडं पाहिलं. बॅटरी संपून तो बंद पडला होता, पडदा काळाकुट्ट.

मला आधी राग येतो, बाकीचं मागून. "माय, मोबाइल बंद हाय. त्यात काहीच न्हाई!"

ती भाकरी मोडत राहिली. मग म्हणाली, "वास आला मला शेवंतीचा. रंग अंदाजानं सांगितला."

"कवापासून दिसत न्हाई?"

"औंदा पोळ्याला बैल दारावरून गेले, मला नुसती घुंगरं ऐकू आली."

"मग सांगितलं काहून न्हाईस?" मी ओरडलोच.

"बायकोला फोनवर सांगताना तुझा आवाज लई खुश असायचा रे," ती म्हणाली. "तो कसा मोडू?"

मी तिच्यासमोर, हातभर अंतरावर, मातीत बसलो. हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर हात दाबून धरला होता.

थोड्या वेळानं तिनं ठेचा लावलेला भाकरीचा तुकडा पुढं केला. माझ्याकडं नाही, पलीकडं, जिथं कुणीच नव्हतं तिकडं.

"घे की," ती म्हणाली. "कुठं गेलास?"