खैराची ढलपी
भिवाजी मास्तरांच्या नऊ वर्षांत पाच बदल्या झाल्या. त्यातली पहिली झाली एका ढलपीपायी, आणि त्या दिवशी मी वर्गात होतो.

सन त्रेचाळीस. पळसदरीकडच्या आमच्या शाळेत दिपोटीसाहेब तपासणीला आले होते. त्यांनी विचारलं, "लाकूड पाण्यात काय करतं?"

"तरतं!" आम्ही पुस्तकातलं ओरडलो.

बाहेर पडवीत बसवलेली कातकऱ्यांची बुधी म्हणाली, "खैर नाय तरत. बुडतो." तिचा बाप खैर तोडून कात काढायचा.

साहेब हसले. "मास्तर, आता कातकरीण शास्त्र शिकवणार का?"

"शिकवू द्या की! बुधे, बापाकडून ढलपी घेऊन आत ये."

बुधी धावत जाऊन ढलपी घेऊन आली. शाळेत मोठं भांडं एकच, पिण्याच्या पाण्याचा हंडा. बुधीला त्यातलं पाणी वरून ओंजळीत घालायचे. साहेब उठलेच. "अहो, पाणी बाटेल!"

"बाटू दे. टाक गं, तुझ्या हातानं."

खैराच्या गाभ्याची तांबडी ढलपी सरळ तळाला गेली.

"तेवढ्याच पाण्याहून जे जड, ते बुडतं," मास्तर म्हणाले. "मग ते लाकूड का असेना. खोडा रं पुस्तकातली ती ओळ!"

आम्ही खोडली.

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, "शिक्षक उद्धट. पाणी बाटविले." मास्तरांनी त्याखाली लिहिलं, "लाकूड बुडाले. साहेबांनी समक्ष पाहिले."

मग त्यांनी हंड्यातून पेला भरून बुधीला दिला, आणि साहेबांकडे बघत तिचं उष्टं पाणी स्वतः प्याले.