सुफियाचा दाखला

न्हावऱ्यात पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या नबीलाल मुलाणींची थोरली मुलगी सुफिया. लहानपणी तांब्याच्या तारेचे वेढे मोजायला बापाजवळ बसायची आणि कधी चुकायची नाही. म्हणून नबीलालनी ठरवलं, पोरगी कॉम्प्युटर शिकणार.

पुण्याला एकटी ठेवायचं घरात कुणाच्या पचनी पडेना. दौंडच्या अलीकडं माळावर एक छोटं विद्यापीठ नवीनच निघालं होतं, तिथं बी.एस्सी.ला नाव घातलं. न्हावऱ्याहून चौफुला, तिथून दौंडची एसटी, आणि उतरल्यावर माळावरनं चालत. वर्गात अकरा जण, कॉम्प्युटर शिकवायला एकच मॅडम. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीला गेल्या त्या मॅडमही परत आल्या नाहीत. पुढचं सुफियानं लॅबमध्ये बसून, चुकत चुकत, स्वतःच शिकून घेतलं.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट करायचा होता. तिथले निकाल तेव्हा दोन-दोन महिने रखडायचे. सुफियानं निकालाचा प्रोग्राम लिहिला. एकदा मार्क भरले की बेरजा, गुणपत्रकं, दाखले, सगळं त्यातूनच छापून यायचं. पहिल्याच परीक्षेचा निकाल चौथ्या दिवशी लागला. शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार झाला. कुलसचिव जयसिंग सर माइकवर म्हणाले, "ही आमच्या विद्यापीठाची लेक."

सुफिया पहिली आली. पुण्यात एम.एस्सी.ला नंबरही लागला. ती विद्यापीठ सोडल्याचा दाखला न्यायला गेली; त्याशिवाय प्रवेश पक्का होत नव्हता.

"नेशील की," जयसिंग सर म्हणाले. "पुरवणी परीक्षेचा निकाल तेवढा लावून दे."

तिनं लावला. मग नवीन मुलांची नावं भरायची निघाली. ती भरली, तर तपासणीला समिती येणार होती. दर वेळी सर चहा मागवायचे, घरच्यांची विचारपूस करायचे. नाही असं ते कधी म्हणालेच नाहीत. म्हणाले असते तर निदान भांडता आलं असतं. मुदत संपली आणि पुण्यातली जागा पुढच्या मुलाला गेली. त्याच आठवड्यात सरांनी तिच्या हातात लॅब असिस्टंटची ऑर्डर ठेवली.

गावात लोक पेढे मागू लागले. नबीलालही खूश होते. "एका जागी बसून काम हाय, उन्हातान्हात फिरायला नगं," ते म्हणाले. सुफिया पेढे आणायला गेली.

ती जागा म्हणजे जुनी सामानाची खोली. एसी बसवायचा म्हणून खिडकी बुजवली होती, एसी आलाच नाही. तिथं बसलं की बाहेर ऊन आहे का आभाळ, समजायचं नाही. ईदच्या दिवशीसुद्धा ती शिरखुर्मा ढवळत होती आणि फोन आला: बैठक क्रमांक चुकलेत, ये. एकदा तिच्या मनात आलं, प्रोग्राममधली एक ओळ खोडली तर सगळं बंद पडेल. तिनं ती ओळ शोधून काढली, कर्सर तिथं नेऊन ठेवला. मग त्यात अडकलेल्या सहाशे पोरांचे मार्क आठवले आणि तिनं हात मागं घेतला.

दुसऱ्या उन्हाळ्यात तिनं पुण्याला परत अर्ज केला. उत्तीर्ण मुलांचे दाखले छापताना स्वतःचाही छापला. जयसिंग सर गठ्ठेच्या गठ्ठे न बघता सह्या करत. मधे कुठंही घातला असता तर सही होऊन आला असता. पण चोरून न्यायचा तर न्यायचाच कशाला, म्हणून तिनं तो सगळ्यात वर ठेवला.

सरांनी वाचला. बाजूला काढला. खालच्या सगळ्यांवर सह्या केल्या.

"तुझ्या जागी कुणाला तरी तयार कर, मग जा," ते म्हणाले. "ती दुसऱ्या वर्षाची स्नेहल हुशार आहे बघ."

सुफिया दुसऱ्याच दिवशी स्नेहलला शिकवायला बसली. पोरगी खरंच हुशार होती. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "ताई, मलाबी पुढं एम.एस्सी. करायचीय. हे शिकल्यावर सर माझा दाखला लगेच देतील ना?"

सुफियानं मशिन बंद केलं. "तू हे शिकू नको," ती म्हणाली. स्नेहलला राग आला. ती पुढं बरेच दिवस बोलली नाही.

त्याही वर्षीचा प्रवेश हुकला.

परीक्षा विभागात सोजरबाई होत्या. शिपाई म्हणून लागलेल्या, दहावी झालेल्या, आता पन्नाशीच्या घरात. हॉलतिकिटांवर शिक्के मारायच्या. त्या निवृत्तीपर्यंत इथंच राहणार होत्या, आणि त्यांना राहायचंही होतं. सुफिया त्यांच्याकडं गेली.

"मला माउस धरायला येत न्हाई गं," सोजरबाई म्हणाल्या.

"मी शिकवते."

"आन् चुकलं म्हंजी?"

"चुकलं तर परत करायचं. मीबी तशीच शिकले."

सुफियानं एका वहीत एकेक पायरी मराठीत लिहून काढली. कोणतं बटण, लाल अक्षरं आली तर काय करायचं, कशाला घाबरायचं नाही. सोजरबाई डबा खाल्ला की येऊन बसायच्या. एका बोटानं टाइप करायच्या, पण भरलेला प्रत्येक आकडा दोनदा वाचायच्या. आठ महिने गेले.

हिवाळी परीक्षेच्या निकालाला सुफियानं पाच दिवसांची रजा टाकली आणि फोन बंद करून घरी बसली. बापाच्या दुकानात तार हातात घेऊन वेढे घालायला बसली, तर आकडा चुकला. नबीलालनी तिच्याकडं निरखून पाहिलं.

"लई त्रास हाय का तिथं?" त्यांनी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा सगळं सांगितलं. सहाव्या दिवशी सकाळी ते तिच्याबरोबर एसटीत बसले.

निकाल लागला होता. एक दिवस उशिरा, पण बिनचूक. जयसिंग सरांच्या समोर नबीलाल टोपी सारखी करत उभे राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. सरांनी या वेळी चहा मागवला नाही.

"उद्या काही अडलं तर?" सर सुफियाला म्हणाले.

"सोजरबाई आहेत."

त्यांनी ड्रॉवरमधून दाखला काढला. कडा दुमडल्या होत्या. सही केली.

त्या ऑगस्टमध्ये ती पुण्याच्या वर्गात बसली तेव्हा बाकीची मुलं तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होती. पहिले काही आठवडे तास संपला, वर्ग रिकामा झाला, तरी ती जागेवरून उठायची नाही. कुणीतरी जा म्हणेल, मग उठायचं, अशी सवय लागून गेली होती.