परक्याच्या बैलाला आवतन

चिंधू गाडी चालवायचा ठेकेदाराची, पण जीव लावायचा स्वतःची असल्यासारखा. हीच खोड त्याला नडली, आणि माझं विचाराल तर तिनेच त्याला तारलं.

भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता. अठ्ठावन्न साल. जिकडे पाहावं तिकडे लाल धूळ आणि खोदलेले पाये. चिंधू खाणीवरून ट्रकमध्ये गिट्टी भरायचा, पायांच्या कडेला ओतायचा आणि पुन्हा खाणीकडे वळायचा. कॅम्पात आमची खोली त्याच्या खोलीला लागून. दोघंही भंडाऱ्याकडचे. मी कारखान्यात फिटरच्या हाताखाली लागलो होतो. भोंगा वाजला की पळत सुटणारा मी, त्यामुळे या माणसाची ऐट मला खुपायची, खोटं कशाला बोलू?

त्याचा सेठ गोड बोलणारा. "चिंधू, ये गाडी तेरी ही है," असं दर दोन दिवसांनी म्हणायचा. टायर फुटला की गाडी चिंधूची, बिल मिळालं की सेठची. चिंधूला हे कळत नव्हतं असं नाही. वर्षभर त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं. दुर्गला मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी गाडी विकायला उभी होती. गावाकडचा धानाचा तुकडा भाऊ घ्यायला तयार होता. तुकडा दिला की गाडी आली.

पण त्याची बायको गयाबाई ऐकेल तर ना!

"लोक कारखान्यात पक्के होऊन राहिले, क्वार्टरात जाऊन राहिले, अन् तुमाले भंगार घ्याचं हाये?" ती म्हणायची. "मामंजीनं जलमभर सालदारकी करून तेवढा तुकडा घेतला. तो गेल्यावर गाडी बसली, तं आपून जाच कुठं?"

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चिंधू नुसतं "पाहू" म्हणायचा, आणि त्या 'पाहू'त वर्ष गेलं.

मग पोळा आला. इथे बैल कुठले! आदल्या संध्याकाळी चिंधूने गाडी धुतली. बैलाचे खांदे मळतात तसं बॉनेटला हळद आणि तूप चोळलं, समोर पळसाची डहाळी बांधली आणि हात जोडून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." आमच्याकडे बैलाला असंच आमंत्रण देतात. आवतन दिलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवायचं नाही. तो पाहुणा. तो आधी जेवणार, मग घर. पाहुण्याला जुंपणं म्हणजे शेण खाणं.

आम्ही हसून हसून बेजार झालो. गयाबाईने कपाळावर हात मारला, पण रात्री डाळ भिजत घातलीच.

सकाळी सेठचा मुनशी बाबुलाल आला. साइटवर काँक्रीट पडणार होतं, गिट्टी हवी होती.

"आज गाडी जुपत नाही," चिंधू म्हणाला.

बाबुलाल गेला आणि सेठलाच जीपमधून घेऊन आला. सारा कॅम्प बाहेर जमला.

"चाबी लगा, चिंधू."

"सेठजी, आज पोला है. गाडी को न्योता दिया है."

सेठ आधी हसला. मग त्याला हळद दिसली, डहाळी दिसली, आणि त्याचा पारा चढला. "न्योता दिया? बैल तेरा है क्या?"

सेठला ठाऊक नव्हतं की तो काय बोलून गेला. आमच्या गावात सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवर ठेवलेला गडी, वर्षभर बैलाचं शेणमूत काढतो, पण बैल जेवतो मालकाच्या दारात. सालदाराने त्याला आपल्या दारी बोलवायचं नसतं. चिंधूच्या बापाने हे जन्मभर पाळलं होतं. मला वाटलं, आता हा रडतो.

चिंधू रडला नाही. त्याने डहाळी सोडली, खांद्यावरच्या दुपट्ट्याने हळद पुसली, अगदी डाग राहू दिला नाही, आणि चावी बॉनेटवर ठेवली.

"बराबर हाये सेठजी. गलती माहीच. परक्याच्या बैलाले आवतन दिलं म्या. न्या, जुपा."

आता सेठ नरमला. काम अडलं होतं ना! पगार वाढवतो म्हणाला, मुकादम करतो म्हणाला. चिंधू हलेना, तेव्हा भडकला, "कहाँ जाएगा? सडक पे मरेगा!"

"सडकीवरच मराचं हाये," चिंधू म्हणाला, "तं आपल्या गाडीखाली मरन."

असा आनंद मला पगाराच्या दिवशीही झाला नव्हता. माझ्याकडून टाळी वाजवली गेली.

गयाबाई मात्र दारात ताट घेऊन उभी होती, डोळ्यांत आग. "आता हे पुरन कोनाले चारू?"

"मले चार," चिंधू म्हणाला. "बैल तं मीच होतो."

तिला हसू आलं आणि त्यातच रडूही. दसऱ्यापर्यंत तुकडा भावाच्या नावावर झाला आणि ती खटारा गाडी दारात आली. ती सुरू करायला हँडल मारून मारून खांदे भरून यायचे. पहिल्या महिन्यात ती चालली कमी, बसली जास्त. सेठच्या ओळखीचे लोक तिला भाडं देईनात. गयाबाई गाडीकडे पाठ करून बसायची. चिंधू वाळू ओढायचा, विटा ओढायचा, मिळेल ते ओढायचा, पण सेठच्या दारावरून जाताना भोंगा वाजवल्याशिवाय राहायचा नाही.

उन्हाळ्यात कामाचा रेटा वाढला आणि सेठला गाड्या पुरेनात. एका दुपारी बाबुलाल आमच्या ओळीत आला आणि बाहेरूनच ओरडला, "अरे, चिंधू ड्रायवर है क्या?"

गयाबाई उंबऱ्यात आली. हाताला भात लागलेला. ती नवऱ्याला कधी कोणत्याच नावाने हाक मारत नसे.

"ड्रायवर इथं कोनी राहत नाही," ती म्हणाली. "मालक जेवून राहिले. बसा तिकडे."

बाबुलाल इकडेतिकडे बघत जुन्या टायरवर टेकला. चार घासांत जेवण उरकणारा चिंधू आतून म्हणाला, "आनखी भात वाढ."